पिकअपसाठी जास्त दणकट ट्रान्सफर केस निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की मुळशी, वेल्हे, भोर, जुन्नरकडच्या फोर बाय फोर पिकअप आमच्या गॅरेजला यायला लागतात. कुणाच्या ट्रान्सफर केसमधली चेन उड्या मारतेय, कुणाचा फोर लो पडतच नाही, कुणाच्या केसच्या कवचाला तडा गेलाय. मालकाचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं: "हिच्यापेक्षा तगडी टाका, पुन्हा बघायला नको." त्यापुढचे प्रश्नही ठरलेले, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. माल वाहणारी पिकअप डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. रविवारी हौसेनं चिखलात उतरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

ट्रान्सफर केस नक्की करते काय?

गिअरबॉक्समधून आलेला जोर मागच्या आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टला देते. टू हायमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. फोर हायमध्ये पुढचीही जोडली जातात. फोर लोमध्ये त्याआधी आणखी एक गिअर लागतो, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये पार्ट-टाइम प्रकार असतो. त्यात फोर हाय किंवा फोर लो लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये डिफरन्शियल (दोन्हीकडचा वेग वेगळा होऊ देणारा गिअरांचा संच) नसतो. हे ध्यानात असू द्या, पुढच्या निम्म्या उत्तरांचं मूळ यातच आहे.

माझी केस फुटली. आता मजबूत कुठली टाकू?

आधी ती का फुटली ते बघू. कारण तसंच राहिलं तर दणकट केस थोडी उशिरा फुटेल, किंवा ती शाबूत राहील आणि पुढचा क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा वळता सांधा), एक्सलचा शाफ्ट नाहीतर क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरजोडी) जाईल.

बाकावर उघडलेल्या केसमध्ये दिसणारी कारणं मोजकीच असतात. तेल संपलेलं किंवा पाणी मिसळून दुधाळ झालेलं. कोरड्या डांबरावर फोर हाय लावून चालवलेली गाडी. क्षमतेच्या बाहेर भरलेला माल. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे टायर. पुढे जुने, मागे नवे. "मागचे झिजतात म्हणून मागचेच बदलले," असं मालक सहज सांगून जातात.

टायरचं घरी तपासता येतं. गाडी सपाट काँक्रीटवर घ्या, चारही टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा भरा. एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरवर, अगदी तळाशी, खडूची रेघ मारा आणि तशीच रेघ खाली जमिनीवरही मारा. टू हायमध्ये गाडी हळूहळू सरळ पुढे घ्या. प्रत्येक चाकाचे बरोबर दहा फेरे झाले की टायरवरची रेघ जिथे टेकते तिथे जमिनीवर खूण करा. आता पुढच्या चाकानं किती अंतर कापलं आणि मागच्यानं किती, ते टेपनं मोजा. समजा फरक २० सेंटीमीटर आला, म्हणजे फेऱ्याला २ सेंटीमीटर. तळाची जाडी साधारण ३ मिलिमीटर कमी-जास्त असली की एवढा फरक पडतो. टायरचा घेर २.३ मीटर धरला तर किलोमीटरला सुमारे ४३५ फेरे होतात. म्हणजे फोर हायमध्ये प्रत्येक किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांच्या हिशोबात पावणेनऊ मीटरची तफावत पडते. चिखलात टायर घसरून ती फेडून टाकतं. डांबरावर टायर घसरत नाही, मग ती सगळी ओढाताण चेन, बेअरिंग आणि शाफ्टवर जाते. वळणावर तर टायर सारखे असले तरी पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, त्यामुळे ताण आणखी वाढतो.

ओला डांबरी रस्ता म्हणजे निसरडा रस्ता, हाही एक गैरसमज. ताम्हिणीत धो धो पाऊस असला तरी चांगल्या डांबरावर टायरला पकड असते. तिथे फोर हाय लावून घाट चढण्याची गरज नसते.

जोर लावला की खालून टक-टक असे ठोके येतात. केस गेली का?

चेनवाली केस (पुढच्या शाफ्टला चेननं जोर देणारी) असेल आणि ठोके फक्त फोर व्हीलमध्ये, जोर लावतानाच येत असतील, तर चेन सैल होऊन दात्यांवरून उडी मारत असण्याची शक्यता मोठी. टू हायमध्ये बहुतेक पार्ट-टाइम केसमध्ये चेनवर भार नसतो, म्हणून तेव्हा सगळं ठीक वाटतं. खात्री करायला गाडी सपाटीवर बंद करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, गिअरमध्ये ठेवा, फोर हाय लावा आणि खाली जाऊन पुढचा प्रोपेलर शाफ्ट हातानं दोन्ही बाजूंना फिरवून बघा. केसकडच्या योकला (शाफ्ट जिथे जोडतो त्या तुकड्याला) भरपूर मोकळा फेर मिळत असेल तर केस उघडायला हवी. मात्र सैलपणा क्रॉसमध्येही असू शकतो. सुटलेला क्रॉस असाच आवाज करतो आणि खर्च फारच कमी असतो. आधी तो बघा.

चेनवाली घ्यावी की गिअरवाली?

गिअरवाली म्हणजे दणकट आणि चेनवाली म्हणजे नाजूक, असं चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच.

गिअरवाल्या केसमध्ये जोर थेट दात्यांतून जातो. चेन ताणण्याचा प्रश्नच नाही, आणि कवच बहुधा बिडाचं असतं. विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपमधली स्पायसर १८ ही अशीच, म्हणून ती मंडळी अजून चालताहेत. याची किंमत वजनात आणि आवाजात मोजावी लागते. मुंबईला आठवड्याला भाजी नेणाऱ्या गाडीत तो सततचा घुंईऽऽ आवाज ड्रायव्हरला नकोसा होतो.

चेनवाली केस हलकी, शांत, आणि टू हायमध्ये जोर बहुधा सरळ मागे जातो. तिला नावं ठेवण्याआधी एवढं बघा: अमेरिकेतल्या फोर्ड सुपर ड्युटीसारख्या अवजड पिकअपमध्ये न्यू व्हेंचर कंपनीच्या एनव्ही २७१ आणि २७३ या चेनच्याच केस आल्या. जीप रँग्लर रुबिकॉनची ४:१ लो रेशोवाली (फोर लोमध्ये वेग चारपट कमी करणारी) एनव्ही २४१, जी दगडांवरून रांगण्यासाठीच बनवली, तीही चेनचीच. चेनची रुंदी, फोर लो देणाऱ्या प्लॅनेटरी गिअरमधल्या पिनियनची (छोट्या दातेरी चाकांची) संख्या आणि शाफ्टची जाडी या तीन गोष्टी केसची ताकद ठरवतात. अरुंद चेनची जुनी केस आणि रुंद चेनची अवजड केस यांना एकाच मापानं तोलू नका.

माझं मत विचाराल तर रोजच्या मालवाहतुकीला चांगली चेनवाली केस घ्या. वर्षभर खाणीच्या नाहीतर धरणाच्या कामावर फोर लोमध्ये राबणाऱ्या गाडीला गिअरवाली.

माझ्या गाडीला केवढ्या ताकदीची केस लागेल, हे कसं काढायचं?

लोक इंजिनच्या टॉर्कवरून हिशोब करतात. तो करून बघू. इंजिन ३०० न्यूटन-मीटरचं, पहिला गिअर ४:१, म्हणजे केसमध्ये १,२०० न्यूटन-मीटर आला. फोर लो २.५:१, म्हणजे बाहेर पडताना ३,०००. आकडा ऐकून छाती दडपते.

पण एवढा टॉर्क सहसा शाफ्टपर्यंत पोचतच नाही, त्याआधी टायर घसरतं. समजा मागच्या एक्सलवर १,५०० किलो भार, टायर आणि जमिनीतली पकड ०.८, टायरची त्रिज्या ०.३७ मीटर आणि एक्सलचा रेशो ४.१. मागची चाकं घसरण्याआधी मागच्या शाफ्टवर येईल असा टॉर्क साधारण १,०६० न्यूटन-मीटर. पुढच्या एक्सलवर १,१०० किलो असेल तर पुढच्या शाफ्टवर ७८० च्या आसपास. चेनला सोसावा लागतो तो हाच पुढच्या शाफ्टचा आकडा, तीन हजाराचा नव्हे.

आता मागे माल भरा आणि मागच्या एक्सलवरचा भार २,४०० किलो करा. मागच्या शाफ्टवरची मर्यादा १,७०० वर जाते. इंजिन तेच, गिअर तेच. फक्त मालामुळे शाफ्टवरचा ताण दीडपटीच्या वर गेला. म्हणून "इंजिन किती टॉर्कचं?" याआधी आम्ही "किती भरता?" असं विचारतो. त्यावर खरं उत्तर मिळायला एक चहा लागतो, ती गोष्ट वेगळी.

दोन प्रसंग या हिशोबात बसत नाहीत. एक म्हणजे झटका: चाक हवेत किंवा चिखलात भन्नाट फिरतंय आणि अचानक खडकावर पकड मिळते. तेव्हा फिरणाऱ्या सगळ्या भागांचा वेग एका क्षणात थांबतो आणि टॉर्क वरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त जातो. दुसरा म्हणजे फोर लो लावून रिव्हर्समध्ये चढ चढणं. तेव्हा गाडीचं वजन उताराकडच्या, म्हणजे पुढच्या चाकांवर येतं आणि मोठा वाटा चेनमधून जातो. बांधावरून शेतात उतरवलेली भरलेली गाडी उलटी वर काढताना चेन गेल्याच्या तक्रारी येतात त्या यामुळेच. शक्य असेल तर गाडी उलटी उतरवा आणि सरळ वर काढा.

लो रेशो किती घ्यावा? जितका जास्त तितका चांगला ना?

पिकअपमध्ये २.५ च्या आसपासचा रेशो नेहमीचा. बोर्गवॉर्नर कंपनीच्या १३-५४ चा २.४८ आहे, न्यू प्रोसेस कंपनीच्या एनपी २३१ आणि २४१ चा २.७२. वरच्याच उदाहरणात पहिला गिअर ४, लो २.५, एक्सल ४.१ म्हणजे एकूण ४१:१. लो ४:१ केला तर जवळपास ६६:१.

६६:१ वर गाडी चालत्या माणसापेक्षा हळू, क्लचला हात न लावता दगडांवरून जाते. हौशी लोकांना ते हवंच असतं. पण माल घेऊन चिखलातून निघायचं असेल तर थोडा वेग लागतो, नाहीतर टायरच्या खाचा चिखलानं भरतात आणि गाडी जागीच रुतते. शिवाय जास्त रेशो म्हणजे चाकं घसरेपर्यंत केसनंतरचे सगळे भाग सहज कमाल ताणावर नेण्याची सोय. मोठे टायर टाकले असतील तर २.७ पर्यंत जा. मालवाहू पिकअपला ४:१ घेऊ नका.

इंटरनेटवर अमेरिकन एनपी २०५ चं फार कौतुक आहे. ती मागवू का?

कौतुक खरं आहे. बिडाचं कवच, सगळे गिअर, लो रेशो १.९६. फोर्ड, शेवरले आणि डॉज या तिन्ही कंपन्यांच्या जुन्या पिकअपमध्ये ती होती आणि अजूनही तिकडचे लोक ती शोधून घेतात. डाना ३०० ही जीपवाल्यांची लाडकी, तीही बिडाची आणि गिअरची, रेशो २.६२. अ‍ॅटलस ही नव्यानं बनणारी गिअरवाली केस, तिच्यात तर वेगवेगळे रेशो निवडता येतात.

पण एनपी २०५ चं वजन ६० किलोच्या पुढे. आपल्या पिकअपचे इंजिन, एक्सल आणि चेसिस त्या व्ही-एट गाड्यांच्या तुलनेत लहान. १.९६ चा लो रेशो त्यांच्या मोठ्या इंजिनला पुरतो, आपल्या अडीच लिटरच्या डिझेलला तो कमी वाटेल. बेअरिंग मिळतील, पण शिफ्ट फोर्क किंवा एखादा गिअर लागला तर गाडी महिनाभर जॅकवर. ट्रान्सपोर्टवाल्याला ते परवडत नाही. माझा सल्ला: तुमच्याच कंपनीच्या मोठ्या गाडीतली, किंवा त्याच घराण्यातली अवजड केस आधी शोधा. बोर्गवॉर्नरच्या केस आपल्याकडच्या कितीतरी पिकअप आणि एसयूव्हीत आल्या आहेत, त्यांचे भाग आणि त्यांना हात लावलेले मेकॅनिक दोन्ही पुण्यात सापडतात.

जिप्सीची केस वेगळी बसते म्हणतात. ती पिकअपला चालेल?

नाही. जिप्सीची केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, छोट्या शाफ्टनं जोडलेली स्वतंत्र असते, त्यामुळे कुठेही टांगता येईल असं वाटतं. पण ती १.३ लिटर पेट्रोलच्या, शंभर न्यूटन-मीटरच्या आसपासच्या इंजिनसाठी आहे. शिवाय तिच्यात हायमध्येही १.४०९ चा रेशो आहे. म्हणजे हमरस्त्यावर तुमचं डिझेल इंजिन कायम जवळपास दीडपट फिरत राहील.

केस बसेल की नाही हे विकत घेण्याआधी कसं कळेल?

गाडीखाली टेप आणि वही घेऊन जा. आधी बघा पुढच्या एक्सलचा डिफरन्शियल डावीकडे आहे की उजवीकडे. केसचा पुढचा आउटपुट त्याच बाजूला हवा. एकाच केसचे डावे आणि उजवे दोन्ही प्रकार असतात, फोर्डची एनपी २०५ डावीकडे देते आणि सत्तरच्या दशकातली शेवरलेची उजवीकडे. हे चुकलं तर बाकी सगळं जुळूनही काही उपयोग नाही.

मग गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचे दाते मोजा आणि व्यास व्हर्नियरनं घ्या. दात्यांची संख्या सारखी असली म्हणून स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब दात्यांची जोडणी) बसेलच असं नाही. बोल्टांच्या भोकांची रचना कागदावर छापून घ्या, म्हणजे कार्डशीट दाबून ठसा काढा. जुन्या आणि नव्या केसच्या लांबीतला फरक मोजा. नवी केस ५ सेंटीमीटर लांब असेल तर मागचा शाफ्ट तेवढा तोडून पुन्हा बॅलन्स करावा लागेल आणि पुढचा तेवढा वाढवावा लागेल.

मागचा आउटपुट सरकत्या योकचा (शाफ्ट केसमध्ये आत-बाहेर सरकणारा) आहे की पक्क्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टांनी जोडणारा), हेही बघा. सरकत्या योकच्या केसमधून शाफ्ट काढला की तेल वाहून जातं आणि आडरानात तुटलेला शाफ्ट काढून नुसत्या पुढच्या चाकांवर घरी येता येत नाही. दणकट केस घेताय तर पक्का फ्लँज घ्या.

शाफ्टचे कोन लोक विसरतात. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये केसकडचा आणि एक्सलकडचा कोन सारखा असला तरच हादरे एकमेकांना मारतात. केस खाली किंवा तिरकी टांगली की ६०-७० च्या वेगाला सीटखाली थरथर सुरू होते. मग मालक टायर बॅलन्स करत फिरतो.

अ‍ॅडॉप्टर प्लेट पुण्यात करून मिळेल का?

मिळेल, आणि चांगली मिळेल. भोसरी, चिंचवड, चाकणच्या एमआयडीसीत गिअर आणि शाफ्टचंच काम करणारी लहान वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. स्प्लाइनचा शाफ्ट ईएन २४ किंवा केस-हार्डन केलेल्या २० एमएनसीआर ५ मध्ये करून घ्या. "साध्या माइल्ड स्टीलमध्ये पण चालतंय की," म्हणणाऱ्याकडे करू नका. एका पावसाळ्यात दाते मुरगळतात.

प्लेटचं खरं गणित मध्यबिंदूचं आहे. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि केसचा इनपुट एका रेषेत हवेत. प्लेट बसवल्यावर डायल गेज लावून शाफ्ट फिरवायचा आणि काटा किती हलतो ते स्वतः बघायचं. ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर छान. अर्धा मिलिमीटर असेल तर इनपुट बेअरिंग आणि सील लवकरच ओरडतील. नुसत्या बोल्टांच्या भरवशावर प्लेट जागेवर राहत नाही, दोन डॉवेल पिना हव्यातच. आणि केसला खालून आधार देणारा क्रॉसमेंबर विसरू नका. जड केस गिअरबॉक्सच्या मागे लटकत ठेवली तर गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियमचं शेपूट फुटतं.

बटणवाली केस काढून दांड्याची टाकू का? बटण फार त्रास देतं.

बटण त्रास देतं तेव्हा बहुधा केस शाबूत असते. शिफ्ट मोटर गंजलेली, वायरिंगचा सॉकेट चिखलानं भरलेला, किंवा जागा सांगणारा सेन्सर गेलेला. आधी तेवढं दुरुस्त करा.

दांड्याची केस टाकायचीच असेल तर जुन्या गाडीत अडचण कमी. नव्या गाड्यांमध्ये ब्रेक आणि तोल सांभाळणाऱ्या एबीएस आणि ईएसपीला गाडी कुठल्या मोडमध्ये आहे हे ट्रान्सफर केसकडून कळतं. तो सिग्नल गेला की दिवे लागतात आणि काही गाड्यांत फोर लोमध्ये ब्रेक कंट्रोल नको तेव्हा मध्ये पडतो. वेगाचा सेन्सर जुन्या केसवर असेल तर स्पीडोमीटरही बंद. या सगळ्याची व्यवस्था आधी ठरवा आणि मगच जुनी केस उतरवा.

नाना पेठेत किंवा भंगारात जुनी केस मिळाली. काय बघून घ्यावी?

पाटीवर नाव आणि रेशो असतो. अमेरिकन न्यू प्रोसेसच्या केसवर मागच्या भागात छोटी गोल पाटी असते, तिच्यावर मॉडेल आणि रेशो वाचता येतो. पाटी नसेल तर लो लावा, इनपुट फिरवा आणि आउटपुटचा एक फेरा व्हायला इनपुटचे किती फेरे लागले ते मोजा. रेशो समोर येतो. दुकानदार काहीही सांगो.

मग ड्रेन प्लग उघडायला सांगा. चुंबकावर राखाडी चिकट पूड असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा दात्याचा तुकडा असेल तर पाठ फिरवा. कवचाच्या माउंटिंगच्या कानांवर, बोल्टांभोवती डिझेल लावून पुसा आणि वर खडूची पूड टाका, तडा असेल तर काळी रेघ उमटते. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात आणखी एक खोड असते. जनरल मोटर्सच्या काही अमेरिकन केसमध्ये आतला तेलाचा पंप कवचाला घासून मागच्या भागाला बारीक भोक पाडतो, बाहेरून दिसत नाही, तेल झिरपून जातं आणि केस कोरडी जळते. त्या घराण्यातली केस असेल तर उघडल्याशिवाय घेऊ नका.

गावातून आलेल्या केसला बाहेरून नवा चंदेरी रंग मारलेला असेल तर दोनदा बघा. रंगाखाली वेल्डिंग असतं.

नवी केस न घेता आतलेच भाग मजबूत करता येतात का?

येतात, आणि पुष्कळदा हेच शहाणपणाचं ठरतं. एनपी २३१ साठी रुंद चेन आणि तीनऐवजी सहा पिनियनचा प्लॅनेटरी संच मिळतो. आपल्याकडच्या केसला असे तयार किट कमी मिळतात, पण नवी चेन, चांगल्या कंपनीची बेअरिंग, नवे शिफ्ट फोर्कचे पॅड आणि सील टाकून केस पूर्ववत होते. चेन बदलली की दोन्ही स्प्रॉकेटचे दाते बघा. आकडीसारखे झिजलेले असतील तर नवी चेन त्यांच्यावर टाकणं म्हणजे जुन्या चपलेला नवा अंगठा.

आरटीओ आणि इन्शुरन्सची काही अडचण?

त्याच मॉडेलची केस टाकली तर ती दुरुस्ती, अडचण नाही. वेगळ्या प्रकारची टाकली तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू पडू शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. त्याच वर्षी बदललेल्या कलम १८२अ मध्ये विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. टू व्हील ड्राइव्हची गाडी फोर व्हील करणं या कचाट्यात नक्की सापडतं.

मालवाहू पिकअपला फिटनेस असतो, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. तेव्हा अधिकारी गाडीखाली वाकून बघू शकतो. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळच्या, एमएच १४ असेल तर मोशीच्या कार्यालयात आधी लेखी विचारा आणि उत्तराची प्रत गाडीत ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता केलेला बदल क्लेम नाकारायला आयतं निमित्त देतो. काही जण "एआरएआयकडून सर्टिफिकेट आणू" म्हणतात. संस्था आपल्या पुण्यात, कोथरूडला आहे हे खरं, पण तिचं काम कंपन्यांच्या मॉडेलच्या चाचण्या आणि मान्यतेचं आहे, तुमच्या एका गाडीच्या जुगाडाला शिक्का देण्याचं नाही.

तेल कुठलं टाकायचं?

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. बऱ्याच चेनवाल्या केसला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, गिअरवाल्या केसला बहुधा ८०-९० सारखं जाड गिअर तेल. "जाड तेल म्हणजे जास्त ताकद" असं समजून चेनच्या केसमध्ये जाड तेल भरलं की थंडीत पंप ते उचलत नाही. नदी-ओढ्यातून जात असाल तर ब्रीदरची (केसमधून हवा ये-जा करणारी) नळी वाढवून बॉनेटखाली वर न्या. गरम केस थंड पाण्यात गेली की आत हवा आक्रसते आणि नळी खाली असेल तर ती पाणी ओढून घेते.

एकूण खर्चाचा अंदाज?

फक्त केसची किंमत धरून येऊ नका. शाफ्टची लांबी, बॅलन्सिंग, अ‍ॅडॉप्टर, क्रॉसमेंबर, दांड्याची जोडणी, तेल, मजुरी मिळून जवळपास केसच्या किमतीएवढाच खर्च आणखी धरा. बाहेरून मागवली तर कस्टम ड्युटी आणि वाहतूक वेगळी. जुनी केस टाकून देऊ नका, तिचे भाग विकले जातात आणि नवी जमली नाही तर परत बसवता येते.

बसवल्यावर लगेच कामाला लावू का?

पहिले दोन-तीन दिवस रिकामी चालवा. मोकळ्या, भुसभुशीत मैदानात फोर हाय आणि फोर लो दोन्ही लावून काढून बघा, लो लावताना गाडी पूर्ण थांबवून. परत आल्यावर कवचाला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल इतकी तापली असेल तर तेल कमी आहे किंवा बेअरिंग घट्ट बसलंय. शाफ्टचे आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, नवीन प्लेटचे बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिले होतात. हजार किलोमीटरला तेल बदला आणि चुंबक बघा. त्यावर चमकणारे कण दिसले तर गाडी माल भरायला नेऊ नका, सरळ इकडे आणा.